भेसळीचा संशय आला, पुढे काय? महाराष्ट्रातील तक्रारीचा मार्ग, पायरीपायरीने

दिवाळीच्या आठ दिवस आधी मी ओळखीच्या दुकानातून दोन किलो सुटे साजूक तूप आणले. अनारसे तळताना त्याचा वास वेगळा आला, आणि उरलेले तूप बरणीत थिजले तेव्हा त्यात कणी नव्हती, नुसता मेणासारखा गुळगुळीत थर होता. ती अर्धी बरणी पिशवीत घालून मी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दोन प्रश्न विचारले : बिल आहे का, आणि दुकानात त्याच डब्यातले तूप अजून शिल्लक आहे का? बिल मी मागितलेच नव्हते. तूप शिल्लक असण्याचीही शक्यता नव्हती, कारण दुकानदाराशी आदल्याच दिवशी माझे कडाक्याचे भांडण झाले होते आणि तो सावध झाला होता.

त्या दिवशी मला कळले की बरणीत जे आहे ते खरोखर भेसळीचे असले, तरी माझ्या बरणीवरून कोणालाही शिक्षा होऊ शकत नाही. विक्रेत्याच्या ताब्यातील मालाचा नमुना अधिकाऱ्याने विहित पद्धतीने घेतला पाहिजे, तरच पुढची कारवाई टिकते. ग्राहकाची तक्रार अधिकाऱ्याला त्या दुकानापर्यंत, त्या मालापर्यंत, आणि शक्य असेल तर त्या बॅचपर्यंत वेळेत पोहोचवते. तिचे काम तेवढेच आहे. पुढच्या वर्षी मी हेच काम नीट केले आणि प्रकरण दंडाच्या आदेशापर्यंत गेले. तो मार्ग येथे क्रमाने लिहिला आहे.

पायरी १ : आपली तक्रार नेमकी कशाची आहे ते ठरवा

सगळा आधार अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याचा आहे (सरकारी कागदांत ‘मानदे’ असाही शब्द आढळेल, गोंधळू नये). हा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि त्याने १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा मोडीत काढला. जुन्या कायद्यात जवळजवळ प्रत्येक प्रकरण फौजदारी न्यायालयात जात असे आणि तिथे वर्षानुवर्षे पडून राही. नव्या कायद्याने गुन्ह्यांची विभागणी केली : जिवाला धोका असलेली प्रकरणे न्यायालयात, आणि दर्जा किंवा लेबल यांची प्रकरणे प्रशासनातीलच न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे. ‘भेसळ सापडली तरी दुकानदार नुसता दंड भरून सुटला’ अशी चीड आपण ऐकतो, तिचे मूळ बहुतेक वेळा या विभागणीत असते.

प्रयोगशाळेच्या अहवालात पुढील शब्द येतात, ते आधीच ओळखीचे करून घ्यावेत.

‘असुरक्षित’ म्हणजे आरोग्याला अपाय करणारे अन्न. यात तुरुंगवास आहे, आणि अशा अन्नाने मृत्यू झाल्यास किमान ७ वर्षे ते जन्मठेप आणि किमान १० लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

‘कमी दर्जाचे’ म्हणजे ठरवून दिलेल्या मानकात न बसणारे, पण असुरक्षित न ठरलेले अन्न. यासाठी ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पाणी घातलेले दूध बहुधा याच सदरात जाते.

‘मिथ्याछाप’ म्हणजे लेबलवर खोटे, दिशाभूल करणारे किंवा अपुरे लिहिलेले अन्न. यासाठी ३ लाखांपर्यंत दंड आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी वेगळे कलम असून तेथील मर्यादा १० लाखांची आहे.

यांशिवाय ‘मागितले एक, दिले दुसरे’ यासाठीही कलम आहे. पनीर मागितल्यावर वनस्पती तेलापासून केलेला पनीरसारखा पदार्थ पनीर म्हणून देणे, हा त्याचा घरोघरी समजेल असा नमुना. तो पदार्थ त्याच्या खऱ्या नावाने विकणे हा गुन्हा नाही. फसवणूक आहे ती नावात.

आता जी तक्रार या खात्याकडे नेऊ नये तिच्याविषयी. वजन कमी भरले किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर ते वैधमापन शास्त्र यंत्रणेचे काम आहे. कर्नाटकातला आंबा कोकणचा हापूस म्हणून गळ्यात मारला, तर तो उगमाविषयीचा खोटेपणा आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. अशा तक्रारीत पेटीवरचा मजकूर आणि बिल यांवरच सारी भिस्त असते. तोच आंबा कॅल्शियम कार्बाइड वापरून पिकवल्याचा संशय असेल, तर मात्र थेट अन्न व औषध प्रशासनाकडे जावे, कारण कार्बाइडने फळे पिकवण्यास बंदी आहे आणि इथिलिन वायूला ठराविक मर्यादेत परवानगी आहे.

आणखी एक सापळा म्हणजे ‘प्लास्टिकचा तांदूळ’. रेशनच्या किंवा शाळेच्या पोषण आहाराच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, आणि गावभर चित्रफीत फिरते. ते बहुधा लोह, फॉलिक आम्ल आणि ब १२ जीवनसत्त्व घातलेले पोषणयुक्त दाणे असतात. तांदळाच्या पिठापासून बनवलेले हे दाणे साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात सरकारी योजनेतूनच मिसळले जातात. पोत्यावर पोषणयुक्त तांदळाचे चिन्ह आहे का ते आधी पाहावे.

पायरी २ : माल आणि कागद जपा

संशय आल्याबरोबर माल फेकून देणे किंवा दुकानदाराला परत करणे या दोन चुका सर्वाधिक होतात. परत केलेला माल संपला म्हणून समजा. माझ्यासारखे भांडण तर मुळीच करू नये, कारण ते सूचना दिल्यासारखेच होते.

पुढील गोष्टी एका पाकिटात ठेवाव्यात :

- खरेदीचे बिल किंवा पावती. ऑनलाइन पैसे दिले असल्यास त्या व्यवहाराची नोंद
- वेष्टनाच्या सर्व बाजूंची छायाचित्रे, त्यांत बॅच किंवा लॉट क्रमांक, उत्पादनाची आणि वापराच्या मुदतीची तारीख, उत्पादकाचा पत्ता आणि १४ अंकी परवाना क्रमांक वाचता यावा
- मूळ वेष्टन, कापलेले असले तरी
- त्याच बॅचचे दुसरे न उघडलेले पाकीट घरात असेल, तर ते तसेच बंद
- कोणी आजारी पडले असल्यास डॉक्टरांचे कागद, त्यावर ‘अन्नविषबाधा’ किंवा तत्सम निदान लिहिलेले असेल असे पाहावे
- एका पानावर घटनाक्रम : कधी घेतले, कधी उघडले, काय आढळले, कोणाशी काय बोलणे झाले

सुट्या मालात बॅच क्रमांक नसतो आणि बिल मागितले की लोक आपल्याकडे विचित्र नजरेने पाहतात, हे खरे आहे. तरीही मागावे. १ जानेवारी २०२२ पासून अन्न व्यावसायिकाने बिलावर आपला एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे तोच १४ अंकी क्रमांक, छापणे बंधनकारक आहे, म्हणजे एका चिठोऱ्यावर दुकानाची ओळख आणि खरेदीचा दिवस दोन्ही येतात.

पायरी ३ : घरगुती चाचणी करा, पण तिच्यावर फार विसंबू नका

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) घरी करता येतील अशा साध्या चाचण्या प्रसिद्ध केल्या आहेत आणि त्यांतल्या काही खरोखर कामाच्या आहेत. खव्यात किंवा पनीरमध्ये पिठूळ पदार्थ मिसळला असेल, तर थोडा तुकडा पाण्यात उकळून, थंड करून त्यावर टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब टाकले की निळा रंग येतो. दुधात तितकेच पाणी घालून जोरात हलवल्यावर दाट, टिकणारा फेस आला, तर डिटर्जंटचा संशय घ्यावा. मिरचीपूड पाण्याच्या पेल्यावर भुरभुरली की विटेची भुकटी किंवा वाळू तळाशी जाते.

मर्यादाही लक्षात घ्याव्यात. मधाचा थेंब पाण्यात न विरघळता तळाशी गेला म्हणून तो शुद्ध ठरत नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली, तेव्हा नेहमीच्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेले कित्येक नमुने अणुचुंबकीय अनुस्पंदनाच्या म्हणजे एनएमआर चाचणीत नापास झाले होते. साखरेचे पाक आता चाचणीलाच चकवा देण्याच्या हिशोबाने बनवले जातात. स्वयंपाकघरातल्या पेल्याने ते सापडणार नाहीत.

तुपाचे गणित तर आणखी अवघड आहे. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळणे ही आपल्याकडची जुनी खोड, म्हणून सरकारने वनस्पतीच्या कारखानदारांवर तिळाचे तेल घालण्याची सक्ती केली. तिळाच्या तेलाला बॉडोइन चाचणीत (ती तीव्र आम्ल वापरून करतात) तांबडा रंग येतो, त्यामुळे तुपात वनस्पती मिसळली की ती आपोआप उघडी पडते. पुढे भेसळ करणाऱ्यांनी वनस्पतीऐवजी इतर चरब्या आणि तेले वापरायला सुरुवात केली आणि हा सापळा चुकवला. त्यासाठी प्रयोगशाळेत रायकर्ट–मायसल मूल्य, म्हणजे तुपातल्या उडून जाणाऱ्या स्निग्धाम्लांचे माप, पाहतात, पण तेही जनावराच्या चाऱ्याप्रमाणे बदलते. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपात ते खाली येते, आणि म्हणून जुन्या नियमांत कापूस पट्ट्यातील तुपासाठी वेगळ्या मर्यादा ठेवाव्या लागल्या होत्या. तात्पर्य एवढेच की माझ्या गुळगुळीत थरावरून निष्कर्ष काढण्याचा अधिकार मला नव्हता, आणि घरी तीव्र आम्ल आणून तूप तपासण्याचा उद्योग तर कोणीच करू नये.

घरगुती चाचणीचा निकाल तक्रारीत ‘संशयाचे कारण’ म्हणून लिहावा, ‘सिद्ध झाले’ असे लिहू नये.

पायरी ४ : परवाना क्रमांक तपासा

लेबलवरील किंवा बिलावरील १४ अंकी क्रमांकाचा पहिला अंक १ असेल तर तो परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे १५. केंद्रीय परवान्यात तेथे शून्ये येतात. त्यापुढचे दोन अंक वर्ष दाखवतात. हा क्रमांक ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर टाकला की व्यावसायिकाचे नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की संपला, हे दिसते.

ही पायरी दोन मिनिटांची आहे आणि पुष्कळदा सगळ्यांत जास्त फळ देते. क्रमांक दुसऱ्याच कोणाचा निघाला, किंवा मसाल्याच्या परवान्यावर दुग्धजन्य पदार्थ विकले जात आहेत असे दिसले, तर प्रयोगशाळेची वाट न पाहता कारवाईला आधार मिळतो. त्या पानाचे छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे.

पायरी ५ : तक्रार योग्य दारी नोंदवा

महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाची टोल फ्री मदतवाहिनी १८००-२२२-३६५ ही आहे. केंद्रीय प्राधिकरणाची १८००-११२-१०० ही वाहिनी आणि ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ हे ॲप यांवरही तक्रार घेतली जाते; तिथे नोंदवलेली तक्रार संबंधित राज्याच्या अधिकाऱ्याकडे पाठवली जाते. लेखी अर्ज करायचा असल्यास तो जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावे करावा. या कायद्याखालचे ‘पदनिर्देशित अधिकारी’ साधारणतः तेच असतात आणि अन्न सुरक्षा अधिकारी त्यांच्या हाताखाली काम करतात.

माझा अनुभव असा की फोन लवकर पोहोचतो, पण लेखी अर्ज जास्त टिकतो. दोन्ही करावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी. ऑनलाइन तक्रारीचा क्रमांक लगेच लिहून ठेवावा.

अर्ज एका पानाचा असावा. दुकानाचे नाव आणि सहज सापडेल असा पत्ता, पदार्थ, बॅच, खरेदीची तारीख, संशयाचे कारण आणि ‘हा माल आजही तेथे विक्रीस आहे’ हे वाक्य त्यात असावे. यांतले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. माल रोज कोणत्या वेळी येतो हे माहीत असेल, तर तेही लिहावे; खवा पहाटेच्या गाडीने येत असेल आणि तपासणी दुपारी झाली, तर तिथे नुसत्या परातीच सापडतील. आपले नाव दुकानदाराला कळू नये असे वाटत असल्यास तशी स्पष्ट विनंती अर्जातच करावी.

पोलीस ठाण्यात जावे का, असे अनेक जण विचारतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७४ आणि २७५ मध्ये अन्नातील भेसळीचे गुन्हे आहेत. मात्र जुन्या दंड संहितेतील अशाच कलमांविषयी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये राम नाथ प्रकरणात असा निर्णय दिला की असुरक्षित अन्नाच्या गुन्ह्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ५९ वरचढ ठरते. त्यामुळे सामान्य ग्राहकाने आपली शक्ती अन्न प्रशासनाच्याच दारी खर्च करावी. दुधापुरता महाराष्ट्रात आणखी एक मार्ग आहे : २०२३ पासून अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय भेसळ प्रतिबंधक समित्या नेमल्या असून त्यांत पोलीस, अन्न प्रशासन, वैधमापन आणि दुग्धविकास या खात्यांचे अधिकारी एकत्र आहेत.

आणि एक इशारा. दुकानाचे नाव घालून ‘विष विकतात’ असा मजकूर गटागटांतून पसरवू नये. अहवाल आपल्या विरुद्ध गेला, तर बदनामीचा दावा आपल्यावरच उलटू शकतो, आणि तोवर दुकानातला माल बदललेला असतो.

पायरी ६ : नमुना कसा घेतला जातो ते समजून घ्या

अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात आल्यावर विक्रेत्याला लेखी सूचना देतात, नेहमीच्या भावाने पैसे देऊन माल घेतात, त्याचे चार भाग करतात, आणि प्रत्येक भाग बंद करून त्यावर सील आणि विक्रेत्याची सही घेतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, म्हणजे नमुना तपासून अहवाल देणाऱ्या अधिकृत तज्ज्ञाकडे, जातो, दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्यांच्या ताब्यात राहतात, आणि विक्रेत्याने मागणी केल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. दोन अहवालांत तफावत आली, तर संदर्भ प्रयोगशाळेचा निर्णय अंतिम मानला जातो. हे सारे विक्रेत्याला बचावाची न्याय्य संधी मिळावी म्हणून आहे, आणि म्हणूनच या साखळीतली एखादी सही राहिली तरी पुढे प्रकरण ढासळते.

दुधासारख्या नाशवंत नमुन्यात टिकवण्यासाठी फॉर्मलिनचे थेंब घालतात. फॉर्मलिन हीच दुधातली एक कुप्रसिद्ध भेसळ आहे; अधिकाऱ्याने घातले की तो नियम आणि गवळ्याने घातले की गुन्हा, याचे मला प्रथम हसू आले होते. पण त्यावरून एवढे समजते की आपण फ्रिजमध्ये जपलेले चार दिवसांचे दूध कोणाच्याच उपयोगाचे नाही.

येथे एक बारकावा आहे, जो मला फार उशिरा कळला. अधिकारी दोन प्रकारचे नमुने घेतात. ‘सर्वेक्षण’ नमुना बाजाराचा अंदाज घेण्यासाठी असतो आणि त्यावरून खटला भरता येत नाही. कारवाईसाठी वरील पद्धतीने घेतलेला अंमलबजावणीचा नमुनाच लागतो. आपल्या तक्रारीवर कोणता नमुना घेतला, हे नम्रपणे विचारावे. सर्वेक्षणाला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यांत ज्याला आपण ‘भेसळ’ म्हणतो अशा घातक पदार्थांचे नमुने अवघे १२ निघाले, उलट बुरशीमुळे चाऱ्यातून दुधात उतरणारे अफ्लाटॉक्सिन एम१ मर्यादेबाहेर असलेले नमुने ३६८ होते. युरिया आणि साबणाच्या बातम्यांनी आपण धास्तावलेले असताना खरा धोका गोठ्यातल्या ओलसर पेंडीत होता. हे तपासणीशिवाय कोणाला कळले असते?

संशयास्पद साठा असल्यास अधिकारी तो जप्त करू शकतात किंवा हमी घेऊन व्यावसायिकाच्याच ताब्यात सीलबंद ठेवू शकतात. साक्षीदार म्हणून कोणाला तरी बोलावले जाते. शेजारच्या दुकानदारांना ते नको असते. आपल्याला विचारले, तर शक्य असल्यास नाही म्हणू नये.

स्वतः नमुना तपासून घ्यायचा असल्यास

कायद्याचे कलम ४० साध्या ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेण्याचा अधिकार देते. अट एकच, आणि तिच्यावरच बहुतेक जण अडखळतात : ‘हा माल मी तपासणीला देणार आहे’ हे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावे लागते. घरी आणून आठवड्याने संशय आलेला माल या वाटेने नेता येत नाही. पुन्हा खरेदी करावी, सोबत एखादी व्यक्ती न्यावी, बिलावर पदार्थाचे नाव लिहून घ्यावे आणि तसे सांगितल्याची नोंद ठेवावी. अहवालात कायद्याचा भंग दिसला, तर भरलेले शुल्क परत मिळते आणि विश्लेषक तो अहवाल पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे पाठवतात. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल तक्रारीला जोडायला चांगला, पण त्याच्या जोरावर दंड होत नाही.

पायरी ७ : अहवालानंतर काय होते

अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यावा असे कायदा सांगतो. तसे जमणार नसेल, तर त्याने कारणे आणि लागणारा वेळ कळवायचा असतो. प्रतिकूल अहवालावर व्यावसायिकाला ३० दिवसांत अपील करता येते आणि मग राखून ठेवलेला भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो. त्यामुळे पहिल्या महिन्या-दीड महिन्यात काही हालचाल दिसली नाही, तर लगेच ‘सेटिंग झाले’ असा अर्थ काढू नये. मी काढला होता आणि नंतर ओशाळले.

असुरक्षित ठरलेल्या नमुन्यात आयुक्तांच्या मंजुरीनंतर न्यायालयात खटला जातो. कमी दर्जा आणि मिथ्याछाप यांत न्यायनिर्णय अधिकारी दोन्ही बाजू ऐकून दंड ठरवतात. ही जबाबदारी महाराष्ट्रात सह आयुक्त (अन्न) पाहतात. दंड ठरवताना व्यावसायिकाला किती फायदा झाला, लोकांचे किती नुकसान झाले, चूक पुन्हा पुन्हा झाली आहे का आणि ती जाणूनबुजून होती का, हे पाहावे असे कलम ४९ म्हणते. म्हणून एकाच दुकानाविषयी चार शेजाऱ्यांनी वेगवेगळ्या तारखांना केलेल्या तक्रारी एका जोरदार तक्रारीपेक्षा भारी पडतात.

किरकोळ दुकानदार अनेकदा आपल्या खरेदीचे बिल दाखवून घाऊक व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो. तसे झाले तर नाराज होऊ नये. त्या बिलावरूनच अधिकारी वरच्या पायरीवर, म्हणजे पुरवठादार आणि उत्पादक यांच्यापर्यंत जातात. माझ्या प्रकरणात दुकानदाराकडे असे बिल नव्हते, म्हणून ‘कमी दर्जा’च्या अहवालानंतर सगळा दंड त्याच्यावरच बसला.

पायरी ८ : पाठपुरावा

आधी फोन, मग स्मरणपत्र, मग माहितीचा अधिकार, हा क्रम ठेवावा. माहिती अधिकाराचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. लांबलचक कैफियत लिहिली की अर्ज परत येतो. ‘काय कारवाई केली?’ असा मोघम प्रश्न विचारू नये. तपासणीची तारीख, नमुना क्रमांक, नमुना प्रयोगशाळेत पाठवल्याची तारीख, अहवाल मिळाल्याची तारीख आणि त्यानंतर बजावलेल्या नोटिशीची तारीख, असे पाच प्रश्न पुरतात. तपास चालू असताना संपूर्ण अहवाल नाकारला जाऊ शकतो, तारखा सहसा मिळतात.

विलंबाचे एक गांभीर्य ध्यानात ठेवावे : या कायद्याखालील गुन्ह्याची दखल घेण्यासाठी न्यायालयाला गुन्ह्याच्या तारखेपासून एक वर्षाची मुदत आहे, आणि अन्न सुरक्षा आयुक्तांनी कारणे नोंदवून मंजुरी दिली तरच ती तीन वर्षांपर्यंत वाढते. नवव्या-दहाव्या महिन्यात स्मरणपत्र पाठवताना ही मुदत त्यात जरूर लिहावी.

अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करण्याची वेळ आलीच, तर ती पुराव्यानिशी करावी. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यावर केलेली खोटी तक्रार हा स्वतंत्र गुन्हा असून त्याचा दंड किमान ५० हजार रुपये आहे.

पायरी ९ : स्वतःच्या नुकसानीसाठी वेगळे दार

दंडाची रक्कम सरकारजमा होते. आपले पैसे किंवा औषधपाण्याचा खर्च हवा असेल, तर दुसरा मार्ग धरावा लागतो. अन्नामुळे इजा किंवा मृत्यू झाल्यास अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ६५ खाली भरपाई आहे : मृत्यूसाठी किमान ५ लाख रुपये, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत, इतर इजेसाठी १ लाखापर्यंत. एरवी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार द्यावी. मोठ्या कंपन्या बहुधा तेथेच पैसे परत करतात. तसे झाले नाही, तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही.

पायरी २ मधले ते न उघडलेले पाकीट येथे कामाला येते. वस्तूतील दोष तपासणीशिवाय ठरणार नसेल, तर आयोग तक्रारदाराकडूनच नमुना घेऊन, तो सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. प्रयोगशाळेचे शुल्क आधी तक्रारदाराला भरायला सांगितले जाऊ शकते, तेवढी तयारी ठेवावी. अन्न प्रशासनाचा प्रतिकूल अहवाल किंवा दंडाचा आदेश हाती असेल, तर त्याची प्रमाणित प्रत अर्जासोबत जोडावी.